घासामागं सोळा

१

चोरीला काय गेलं, तर तापमान.

फुलसावंगीच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही. त्या गावाला माझ्यामुळे आधीच पुरेसं बोलून झालंय. तिथल्या लहानशा आरोग्य केंद्रात लसींचा फ्रीज आहे. त्या फ्रीजशेजारी भिंतीवर एक डबी बसवलेली होती. ती दर अर्ध्या तासाला, वीज नसली तरी आतल्या बॅटरीवर, फ्रीजमधलं तापमान टिपायची आणि आपल्या पोटातल्या मेमरी चिपमध्ये ठेवायची. लस दोन ते आठ अंशांत राहिली की नाही, याची ती साक्षीदार.

एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी गावातली वीज सहा तास गेली. परत आली ती असा झटका देत, की डबीचा पडदा कायमचा काळा झाला. दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. त्यातल्या दोन बाळांना ताप आला, दंड सुजले. लसीनंतर असं होतंच. पण गावात कुणीतरी म्हणालं, "दवा गरम झाली होती." मग काय, गावभर तेच. बायांनी लेकरं आणणं बंद केलं.

तालुक्याच्या साहेबांनी ती डबी माझ्याकडे पाठवली. मी विजयमाला. दिग्रसला बसस्टँडजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पुण्यात शिकले, तिथे पाच वर्षं पॉलिटेक्निकला शिकवलं आणि मग गावी परतले. मेलेल्या चिपमधून माहिती काढायची असेल, तर आसपासच्या चार तालुक्यांत माझ्याशिवाय कुणी नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे.

मी चिप काढली, माझ्या यंत्रात बसवली आणि वाचली. फ्रीज दोन ते आठच्या आतच दिसत होता, वीज गेली त्या दुपारीसुद्धा. पण नोंदींना भोकं पडली होती. दर एकशे अठ्ठावीस नोंदींच्या मागे तीन गायब, आणि त्या तिघींच्या जागी शेवटी तीन अर्थहीन आकडे. एका जागी तापमान उणे दोनशे बारा, एका जागी सहाशे अकरा. त्याहून वाईट म्हणजे पडताळणी कुठेच जुळत नव्हती. ही पडताळणी काय, तर चिप प्रत्येक तुकडा लिहिताना त्याच्यासाठी थोडे जादा बाइट लिहून ठेवते. पुढे एखादा अक्षर-आकडा घसरला, तर त्यावरून चूक कळते आणि सुधारताही येते. इथे एकही तुकडा आपल्या पडताळणीशी मेळ खात नव्हता.

मी अहवालात लिहिलं: "नोंदी लिहिल्यानंतर कोणीतरी हेतुपुरस्सर ढवळाढवळ केली आहे." खाली झोकदार सही केली. 'हेतुपुरस्सर' हा शब्द लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे आज कबूल करते.

आठ दिवसांत केंद्रातल्या सिस्टरला लसीकरणापासून बाजूला बसवलं. तिचा करार महिनाअखेरीस संपत होता. साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, ढवळाढवळ करणाऱ्याचं नाव तीस तारखेपर्यंत नक्की करा. नाहीतर तिचा करार पुढे जाणार नाही. डबी तिच्याच ताब्यात होती ना."

मी म्हटलं, मीच जाते. चोर शोधायची मला हौस आली होती.

२

सिस्टरचं नाव ममता. तिशीची, सडपातळ, बोलताना पदर सारखा करण्याची सवय. तिने आधी भेट-वही माझ्यासमोर सरकवली. त्यात तारीख, नाव आणि भेटीचं कारण असे रकाने होते. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं: "चौकशी". अक्षर माझं वळणदार आहे.

"डबी तू कधी उघडलीस?" मी विचारलं.

"कधीच नाई जी. मले तं ते उघडता बी येत नाई."

"मग नोंदी आपोआप गेल्या?"

"मले काय मालूम मॅडम? मी तं रोज सकाळी नऊले अन् संध्याकाळी पाचले काट्याचं थर्मामीटर पाहून हातानं लिवतो. हे पाहा." तिने रजिस्टर उघडलं. एकही दिवस सुटलेला नव्हता. रविवारीसुद्धा ती आलेली होती.

मी ते आकडे माझ्या कागदाशी ताडून पाहिले. डबीतल्या ज्या नोंदी शाबूत होत्या, त्यांच्याशी ते हुबेहूब जुळत होते. खरं तर तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण मी म्हणाले काय, तर "म्हणजे डबी पाहून रजिस्टर भरलंस."

तिचे डोळे भरून आले. "माह्या सासरी अन् माहेरी नोकरी करणारी बाई पयली मीच हाव मॅडम. बाबासाहेबांचं नाव घेऊन ह्या खुर्चीवर बसतो. थंडी चोरून मी काय करू? आकडे कायले चोरू?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी चष्मा पुसला. समोरच्याला उत्तर नसलं की गुन्हेगार, आणि आपल्याला नसलं की विचारमग्न, असा माझा सोयीचा नियम होता. निघताना दारात तिची मुलगी प्रेरणा दप्तर घेऊन उभी होती. शाळेतून लवकर आली होती. पोरं चिडवतात म्हणून, असं नंतर कळलं.

३

दुसरा संशयित अंकुर. फ्रीज आणि डब्यांची देखभाल करणारा तंत्रज्ञ, महिन्यातून एकदा फेरी मारतो. त्याच्याकडे लॅपटॉप, केबल, सगळी हत्यारं. मला तोच हवा होता. तरुण, तोंडाळ, च्युइंगम चघळत बोलणारा.

तो हसलाच. "मॅडम, मी चोरी केली असती तं डोकं लावून केली असती. लाइट कवा गेली होती?"

"दोन तारखेला. दुपारी दोन ते आठ."

"अन् त्या सहा घंट्यातल्या किती नोंदी गेल्या?"

मी कागद पाहिला. त्या सहा तासांतल्या बाराही नोंदी शाबूत होत्या. गेलेल्या नोंदी पहाटेच्या, रात्रीच्या, एखाद्या निवांत दुपारच्या होत्या. ज्यांची कुणाला अडचण नव्हती, अशा.

"पाप लपवाले निघालेला माणूस पुण्य खोडून जाते का?" अंकुर म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

झोंबलं. कागद घेऊन मी कडुनिंबाखाली बसले आणि गेलेल्या नोंदी मोजल्या. चिपच्या प्रत्येक पानात, म्हणजे दर एकशे अठ्ठावीस नोंदींत, तेहेतिसावी, सहासष्टावी, नव्व्याण्णवावी. पुढच्या पानात पुन्हा तेहेतिसावी, सहासष्टावी, नव्व्याण्णवावी. दोन वर्षांच्या नोंदींत एकही चूक नाही. चोर आहे की पंचांग, असं मला वाटलं.

उरला मारोती. केंद्राचा शिपाई, किल्ली त्याच्याकडे. साठीला टेकलेला, कपाळाला शेंदूर. मी त्याला डबी लावलेली होती ती भिंत दाखवायला लावली.

"हे भिंत मीनं दिवाळीले रंगवली," तो म्हणाला. "डबी काढाचा कंटाळा आला, म्हून तिच्यावरूनच बरस मारला. झाकणाच्या चारही स्क्रूवर रंग बसला होता. सिस्टर ओरडली बी मले."

"मग?"

"मंग काय? डबी भिंतीवरून उतरवली ते कपड्यात बांधून तुमच्याकडं धाडली. स्क्रूवरचा रंग तसाच होता जी. म्या सोता पाह्यला." तो थांबला, आणि अगदी आदराने म्हणाला, "कोनी उघडली असन तं रंग फुटला असता ना मॅडम?"

फुटला होता. माझ्या टेबलावर. स्क्रूड्रायव्हर लावल्यावर पिवळ्या रंगाचे टवके उडाले होते, आणि मी ते फुंकर मारून उडवले होते. दिवाळीपासून त्या डबीत शिरलेला पहिला हात माझा होता.

दिवाळीनंतरच्या नोंदींनाही तीच भोकं होती.

४

त्या दिवशी हनुमान जयंती होती. मारोती हात जोडून म्हणाला, "भंडारा हाय, जेवल्याशिवाय जाऊ देनार नाई." मला जेवणाची वासना नव्हती, पण नाही म्हणायचं धाडसही राहिलं नव्हतं. देवळाच्या मंडपात पंगत बसली. पत्रावळीवर आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, भात. माझ्याशेजारची जागा रिकामीच राहिली. चौकशीवाल्या बाईशेजारी कोण बसणार?

डोक्यात एकच चक्र चालू होतं. तीन नोंदी कुठे गेल्या? मधे नाहीत, पुढे नाहीत. आणि ते तीन कचरा आकडे आले कुठून?

डबीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. तो मला पाठ झाला होता. या डब्या बनवणारे बबनराव केळापूरचे, आयटीआयमधून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांनी बॉलपेनने लिहिलं होतं:

पान २०४८.
पानात ४ घास.
घासामागं १६.
अडलं तं फोन करा.

आणि खाली मोबाइल नंबर.

चिप वाचण्याआधी माझं यंत्र विचारतं, पडताळणीचे बाइट किती आणि ठेवलेत कुठे. ते मी या कागदावरूनच भरलं होतं. पान म्हणजे चिपचं पान, घास म्हणजे पाचशे बारा बाइटांचा तुकडा, सोळा म्हणजे पडताळणीचे बाइट. साहेबांसमोर मी तो कागद वाचून दाखवला होता आणि हसले होते. "घास म्हणे! यंत्र आहे की चिवड्याचं दुकान?" साहेबही हसले होते.

तेवढ्यात रुखमाबाई मंडपात आल्या. मारोतीच्या थोरल्या वहिनी, पंगतीच्या सेनापती. कमरेवर हात ठेवून त्यांनी वाढणाऱ्या पोरांना खणखणीत हुकूम सोडला, "लाडू पानामागं दोन! ध्यानात ठेवा, पानामागं दोन!"

आणि मी, इंजिनिअर बाई, खरोखर मान वळवून माझ्या पत्रावळीच्या मागे पाहिलं.

तिथे लाडू नव्हते. तिथे सतरंजी होती. लाडूंचं टोपलं पंगतीच्या पार शेवटी, खांबाशी ठेवलेलं होतं. मोजदाद पानामागं दोन, आणि ठेवण शेवटी, एकत्र.

हातातला घास तसाच राहिला. शेजारच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "ठसका लागला का वो बाईले? पानी द्या."

५

घासामागं सोळा. म्हणजे दर घासाला सोळा, शेकड्यामागं पाच म्हणतो तसं. मी ते वाचलं होतं घासाच्या मागच्या बाजूला सोळा असं.

मी पहिली एस.टी. पकडून दिग्रसला आले. वाटेत कागदाच्या मागे आकृती काढली. एक नोंद सोळा बाइटांची. एका घासात बत्तीस नोंदी. बबनरावांनी चार घास सलग लिहिले होते आणि चारही घासांची पडताळणी पानाच्या शेवटी, टोपल्यासारखी एकत्र ठेवली होती. मी मात्र यंत्राला सांगितलं होतं, बत्तीस नोंदी झाल्या की पुढचे सोळा बाइट पडताळणीचे. यंत्राने बिचाऱ्याने ऐकलं. तेहेतिसावी नोंद उचलली आणि पडताळणी समजून बाजूला टाकली. मग पुढच्या बत्तीस, आणि सहासष्टावी बाजूला. मग नव्व्याण्णवावी. पानाच्या शेवटी जागा भरायला तीन नोंदी कमी पडल्या, तिथे खरी पडताळणीच तापमान म्हणून वाचली. उणे दोनशे बारा. सहाशे अकरा. बेरीज दोन्हीकडून सारखीच येत होती, म्हणून पान कुठे अडखळलं नाही. आणि पडताळणी जुळणार तरी कशी? मी तिच्या जागी भलत्याच नोंदी उभ्या केल्या होत्या.

दुकान उघडून मी एकच पर्याय बदलला. 'प्रत्येक तुकड्यानंतर' होतं, तिथे 'पानाच्या शेवटी' केलं. चिप पुन्हा वाचली.

एकही नोंद गेलेली नव्हती. दोन वर्षांचं तापमान, अर्ध्या अर्ध्या तासाने, सरळ ओळीत उभं होतं. जिथे दोन-चार बिट घसरले होते, ते पडताळणीने स्वतःच सुधारून घेतले. वीज गेली त्या दुपारी फ्रीज सात अंशांच्या वर चढला नव्हता.

चोरी झालीच नव्हती. चोर मात्र होता, आणि तो माझ्या खुर्चीवर बसला होता. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. ममतासाठी रडले असं म्हटलं तर शोभेल, पण आधी स्वतःच्या नावासाठीच रडले.

मग तो नंबर लावला, जो तीन आठवड्यांपूर्वी लावायचा होता.

"बोला," बबनराव म्हणाले. मी सगळं सांगितलं. 

"पोरी, चूक माही बी हाय," ते म्हणाले. "मीनं पयले लिवलं होतं, 'घासामागं सोळा, सारे शेवटी.' पन कागद लहान. फोन नंबर मावेना. मंग 'सारे शेवटी' काढलं अन् नंबर टाकला. म्हटलं, वाचणाऱ्याले अडलं तं फोन करन. शब्दापरीस मानूस बरा."

"मला अडलं नव्हतं," मी म्हटलं.

"हो. तेच तं." ते हसले नाहीत. "गोष्ट कानावर आली तवा मीनं हापिसात दोन खेपा फोन केलता. म्हने, मॅडमनं तपासलं हाय, तुमी कायले मधात पडता?"

सकाळी साहेबांना कळवलं. साहेब क्षणभर चपापले, मग आवाज खाली आला. "हरकत नाही. पत्रात 'तांत्रिक कारणास्तव पूर्वीचा अहवाल रद्द' असं लिहून टाका. सिस्टर परत कामावर. तुमचंही नाव राहील, आमचंही." मी हो म्हणाले. तसंच लिहिलं. 'तांत्रिक कारणास्तव' हे किती मऊ शब्द आहेत, ते त्या दिवशी कळलं.

पत्र गेलं. एकोणतीस तारखेला ममताला आदेश मिळाला, कराराचाही. प्रकरण मिटलं होतं. मला झोप का येत नव्हती, हे विचारायला घरात कुणी नव्हतं.

६

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मी गावात गेले. कुणी बोलावलं नव्हतं.

ओट्यावर अकरा बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. आत कुणीच जात नव्हतं. मारोतीने त्यांना घरोघरून गोळा करून आणलं होतं, पण पुढे कुणी हलेना. ममता दारात उभी होती. आदेश तिच्याकडे होता. बायांच्या मनात अजून माझाच अहवाल होता.

मी म्हणाले, "दवा कधीच गरम झाली नव्हती. सिस्टरने काही केलं नाही. डबी मी चुकीची वाचली. दोष माझा आहे."

 मग ओट्यावरून रुखमाबाई पुढे आल्या, कडेवर नातू.

"तुमी शिकलेल्या बाई. समजलं नाई तं कोनाले विचारलं काहून नाई?"

"लाज वाटली," मी म्हटलं. "ज्याच्या लिहिण्याला हसले, त्यालाच विचारायची."

"अन् आता?"

"आता जास्त वाटते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाटूच द्या," त्या म्हणाल्या, आणि नातवाला घेऊन आत गेल्या. बाळ रडलं, ममताने त्याचा दंड हलकेच दाबून धरला. त्यांच्या मागोमाग दोघी उठल्या. बाकीच्या आठ जणी बसूनच राहिल्या, आणि थोड्या वेळाने त्यातल्या पाच जणी लेकरं उचलून घरी गेल्या. मी त्यांना अडवू शकले नाही.

दुपारी ममताने कपाट बंद केलं, थर्मामीटर पाहून रजिस्टरमध्ये आकडा लिहिला आणि भेट-वही माझ्यापुढे सरकवली. वरच्याच ओळीत माझं वळणदार "चौकशी" होतं. त्याखाली मी तारीख घातली, नाव घातलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: "तांत्रिक चूक सांगण्यासाठी."

ममताने वही आपल्याकडे फिरवून वाचली. तिने ती परत माझ्याकडे फिरवली. आवाज चढवला नाही, पदरही सारखा केला नाही.

"कोनाची ते लिवा ना मॅडम."

मी 'तांत्रिक' खोडलं आणि वर लिहिलं: "माझी".